कानांनी पाहायचा खेळ

व्हिडीओ गेम स्वतः खेळण्याऐवजी दुसऱ्याचा खेळ इंटरनेटवर थेट पाहणाऱ्यांचा वर्ग आज जगभर पसरला आहे. २०११ मध्ये सुरू झालेले आणि २०१४ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने विकत घेतलेले ‘ट्विच’ हे संकेतस्थळ याच वर्गावर उभे आहे. त्यात अंध आणि अंशतः दृष्टिहीन प्रेक्षकही आहेत. मात्र पडद्यावर बाजी उलटते आणि खेळाडू केवळ ‘अरे बापरे!’ म्हणून थांबतो, तेव्हा नेमके काय घडले, हे त्यांना कळत नाही.

गेम बनविणाऱ्या कंपन्यांनी या दिशेने पावले टाकली आहेत. २०२० मधील ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सोय होती. २०२३ मधील ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे, हे आवाजावरून समजते. प्रक्षेपण करणाऱ्याने या सुविधा सुरू ठेवल्या, पार्श्वसंगीत हळू ठेवले आणि कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे आरंभीच सांगितले, तर प्रेक्षकालाही त्यांचा लाभ होतो.

उरलेले काम शब्दांचे आहे. आकाशवाणीवरील क्रिकेटच्या धावत्या समालोचनाने श्रोत्यांपुढे मैदान उभे केले, ते याच बळावर. ‘तो बघा, तिकडे’ याऐवजी ‘डावीकडच्या दारातून दोन शत्रू आले, गोळ्या तीनच उरल्या’ असे सांगितले की चित्र स्पष्ट होते. पात्रांचे संवाद सुरू असताना मात्र मौन पाळावे आणि मधल्या विरामात दृश्याचे वर्णन करावे. प्रेक्षकांचे लेखी संदेश मोठ्याने वाचून मगच उत्तर द्यावे. अंशतः दृष्टी असलेल्यांसाठी ठळक, मोठी अक्षरे आणि गर्दी नसलेला पडदा उपयुक्त ठरतो.

नियमांची मदत येथे तोकडी पडते. संकेतस्थळांच्या सुगम्यतेची ‘डब्ल्यूसीएजी’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे थेट प्रक्षेपणासाठी श्राव्य मजकुराची उपशीर्षके सुचवितात. दृश्यांच्या ध्वनिवर्णनाची अपेक्षा मात्र आधी मुद्रित केलेल्या चित्रफितींपुरतीच आहे. साहजिकच थेट खेळात ही जबाबदारी खेळाडूवर येऊन पडते. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. डोळ्यांना दिसते ते वेळेवर आणि नेमक्या शब्दांत सांगण्याची सवय लागते. ती अंगवळणी पडली, तर अंध प्रेक्षकाला शेजारच्याला ‘काय झाले?’ असे विचारावे लागणार नाही.