गजावरची रेघ

१८६३ सालच्या जुलै महिन्यात, १ ते ३ तारखांच्या दरम्यान, अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गची लढाई झाली. लढाई संपल्यावर रणांगणावर पडलेल्या बंदुका गोळा करण्यात आल्या. त्या भरल्या २७,५७४. तपासणी केली तेव्हा त्यांपैकी सुमारे २४,००० बंदुकांत बार भरलेलाच आढळला. या भरलेल्या बंदुकांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोन-दोन बार होते. सुमारे पाव हिश्शात तीनपासून दहापर्यंत बार होते. आणि एका बंदुकीत तर एकावर एक असे २३ बार ठासलेले होते!

असे का व्हावे? त्या बंदुका ठासणीच्या होत्या. त्यांत नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ती तळापर्यंत ठासायची. लढाईच्या गोंगाटात शेजाऱ्याच्या बंदुकीचा आवाज होई आणि आपला बार फुसका गेला हे शिपायाच्या ध्यानातच येत नसे. तो पुन्हा दारू ओती, पुन्हा ठाशी. नळी लोखंडाची, आत काय आहे ते बाहेरून दिसायचे कसे?

आज ठासणीची बंदूक लढाईत नाही. पण अमेरिकेत आणि युरोपात तिने नेमबाजी करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेली ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’ ही त्यांची संस्था असून इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी तिच्या स्पर्धा भरतात. या छंदात नव्याने पडणाऱ्याला बंदुकीखेरीज बरीच सामग्री जवळ बाळगावी लागते. ती एकेक वस्तू उचलून पाहू या. प्रत्येकीच्या मागे भौतिकशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा एखादा नियम उभा आहे.

दारू. ही काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. कारखान्यात तिचे लहानमोठे कण करून प्रतवारी लावतात. जाड कणांची दारू मोठ्या व्यासाच्या नळीसाठी आणि बारीक कणांची लहान नळीसाठी. कारण सोपे आहे. एका घनाचे सारखे आठ लहान घन करा. घनफळ तेवढेच राहते, पण पृष्ठफळ दुप्पट होते. ज्वलन पृष्ठभागावर होते, म्हणून बारीक कण लवकर जळतात आणि दाब झपाट्याने चढतो. आधुनिक काडतुसांतली धूररहित दारू मात्र या बंदुकीत कधीही घालीत नाहीत. तेवढ्याच मापात तिच्यात कितीतरी अधिक ऊर्जा असते, आणि तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही.

दारूचे पात्र आणि माप. दारू ठेवायचे पात्र शिंगाचे किंवा पितळेचे असते, कारण लोखंडावर आपटले तरी त्यांतून ठिणगी पडत नाही. पण या पात्रातून थेट नळीत दारू ओतणे हा मोठाच अपराध. आधीच्या बाराचा एखादा धुमसता कण नळीत राहिला असेल, तर ओतता ओतताच दारू पेटेल आणि हातातल्या पात्राचा स्फोट होईल. म्हणून मध्ये एक लहानसे पितळी माप. आधी मापात दारू घ्यायची, पात्र बंद करून दूर ठेवायचे आणि मग मापातली दारू नळीत ओतायची. पेटलीच, तर एका बाराएवढीच पेटेल. शिवाय प्रत्येक बार सारखा होतो, तो लाभ वेगळाच.

गोळी आणि चिंधी. गोळी मऊ, शुद्ध शिशाची. समजा नळीचा आतला व्यास ०.५०० इंच आहे आणि गोळीचा ०.४९० इंच. गोळी सैल आहे! ती वंगण लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळतात. चिंधीची जाडी ०.०१५ इंच धरली, तर दोन्ही बाजूंची मिळून ०.०३० इंच, म्हणजे एकूण ०.५२० इंच. आता ती नळीहून मोठी झाली. दाबाखाली कापड चेपते, नळीतल्या मळसूत्री खाचांत घुसते, वायूला निसटू देत नाही आणि गोळीला भोवऱ्यासारखी गरगर फिरवते. फिरणारा भोवरा तोल सांभाळतो; फिरणारी गोळीही आपली दिशा सांभाळते.

टोपी. आपण दिवाळीत टिकल्या फोडतो ना, तसाच हा प्रकार. आघाताने फुटणारे थोडेसे रसायन एका इवल्याशा धातूच्या टोपीत भरलेले असते. ही टोपी सगळ्यांत शेवटी, निशाणाकडे तोंड केल्यावरच बसवायची. तिचे तुकडे उडतात म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि आवाज कान बधिर करणारा म्हणून कानांवर झाकणे, या वस्तूही सामग्रीतच मोडतात.

साबण आणि गरम पाणी. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपातच राहतो. थोडा धुरावाटे जातो, उरलेला नळीला चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा शोषून घेतात आणि लोखंड गंजू लागते. सुदैवाने हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात द्यायचा.

गज. आता शेवटची वस्तू, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. गजाने गोळी दारूला टेकेपर्यंत ठासायची असते. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. पण गोळी टेकली हे कळायचे कसे?

त्यासाठी गजावर रेघ ओढतात. नळी रिकामी असताना गज तळाला टेकवायचा आणि नळीच्या तोंडाशी खूण करायची. ही पहिली रेघ. मग ठरलेला एक बार नीट ठासून पुन्हा खूण करायची. ही दुसरी रेघ. दोहोंत अंतर किती पडेल? आपल्या ०.५०० इंची नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौरस सेंटीमीटर. दारू ६० ग्रेन, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम, तिचे घनफळ साधारण ३.९ घन सेंटीमीटर धरू. भागाकार केला की दारूची उंची सुमारे ३.१ सेंटीमीटर येते. गोळीची उंची सुमारे १.२ सेंटीमीटर. एकूण झाले ४.३ सेंटीमीटर.

म्हणजे पहिली रेघ नळीच्या तोंडाशी आली, तर बंदूक रिकामी. दुसरी आली, तर एक बार नीट बसलेला. दुसरी रेघही तोंडापासून वरच राहिली, तर थांबा! गोळी अडकली आहे किंवा आत दोन बार आहेत. गेटिसबर्गच्या त्या शिपायाने एवढे पाहिले असते तर? पण ऐन लढाईत गज पाहायला सवड कोणाला? निवांत मैदानावरच्या नवशिक्याला मात्र ही सबब नाही.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि दारू हा घरी करून पाहण्याचा प्रयोग मुळीच नव्हे. पण रेघेचा प्रयोग कोणालाही करता येईल. एक अपारदर्शक नळकांडे घ्या. मित्राला त्यात ठरलेल्या मापाची वाळू एकदा, दोनदा किंवा तीनदा टाकायला सांगा. तुम्ही पाहू नका. मग खुणा केलेली काठी आत सोडून किती मापे टाकली ते ओळखा. टाकीतले पाणी काठीने मोजणारा माणूस आणि इंजिनातले तेल पट्टीने तपासणारा मेकॅनिक हेच करीत असतात.

जे डोळ्यांना दिसत नाही, त्याबद्दल अंदाज बांधू नये, मोजावे. त्यासाठी कित्येकदा एक काठी आणि तिच्यावरची एक रेघ पुरेशी होते.