न वितळवता सांधणारं यंत्र

डोंबिवलीहून सुटलेली धीमी लोकल जेमतेम वेग घेते, तोच ठाकुर्ली येतं. एकेकाळी रेल्वेचं स्वतःचं चोळे वीजगृह इथंच कोळसा जाळून गाड्यांना वीज पुरवत होतं. थांबलेली गाडी पुन्हा पळवायला लागणारी ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक लावताना नव्या लोकल काही वीज तारेत परत सोडतात, सगळी नाही. म्हणून डबा हलका करण्याचा हिशेब इथं दर स्टेशनाला लागू पडतो.

हलक्या धातूंत मॅग्नेशियमचा हात धरणारा धातू विरळाच. एक घनसेंटिमीटर पोलादाचं वजन ७.८ ग्रॅम, अॅल्युमिनियमचं २.७, मॅग्नेशियमचं फक्त १.७४. पण वेल्डरला विचारा, तो नाक मुरडेल. ६५० अंशांना वितळणारा हा धातू हवेतल्या ऑक्सिजनवर तुटून पडतो. वितळलेल्या रसात विरघळलेला वायू थंड होताना बाहेर पडतो आणि सांध्यात छिद्रं ठेवतो.

यावरचा उपाय १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या 'टीडब्ल्यूआय' या वेल्डिंग संस्थेत वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी काढला: धातू वितळवायचाच नाही. या पद्धतीला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. दोन पट्ट्या कडेला कड लावून घट्ट क्लॅम्प करतात. फिरणारं टूल वरून दाबलं की त्याची पिन सांध्यात शिरते आणि रुंद खांदा पृष्ठभागावर घासू लागतो. घर्षणाच्या उष्णतेनं धातू उकडीसारखा मऊ होतो, पिन तो ढवळत पुढं सरकते आणि मागं सांधा तयार होत जातो. ज्योत नाही, ठिणगी नाही, भरणीची तार नाही.

सगळा खेळ टूलच्या फिरण्याच्या (आरपीएम) आणि पुढं सरकण्याच्या (फीड) वेगाचा. फिरणं कमी आणि सरकणं जास्त झालं, तर धातू पुरेसा मऊ होत नाही आणि सांध्याच्या पोटात बोगदा राहतो. वरून दिसतं सगळं गुळगुळीत. उष्णता फार झाली, तर मॅग्नेशियमच्या एझेड ९१ सारख्या मिश्रधातूतला सुमारे ४३७ अंशांना वितळणारा भाग पाझरू लागतो. शेवटी पिन वर काढली की तिथं भोक उरतं. म्हणून सांधा जादा तुकड्यापर्यंत नेऊन तो तुकडा कापून टाकतात.

धातुशास्त्रज्ञ राजीव मिश्रा यांनी हीच क्रिया जोडकामाऐवजी धातू सुधारण्यासाठी वापरली. ढवळल्यामुळे धातूतले मोठे कण काही मायक्रॉनपर्यंत बारीक होतात आणि ओतीव मिश्रधातूतली ठिसूळ जाळी मोडते. मात्र मॅग्नेशियमच्या षट्कोनी स्फटिकांचे थर टूलभोवती एका दिशेला वळतात आणि ताण पडला की सांधा बहुधा तिथूनच तुटतो.

अॅल्युमिनियममध्ये ही पद्धत कधीच रुळली आहे. जपानच्या हिताची कंपनीचे रेल्वेडबे आणि २०१२ चा आयमॅक अशाच सांध्यांवर उभे राहिले. मॅग्नेशियमच्या वाटेत अजून गंज आणि आगीची भीती आहे. जाड पट्टी सहज पेटत नाही, पण छाटणीचा बारीक चुरा पेटतो. त्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन सुटून आग भडकते. पूर्ण कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर हवी.

डोंबिवली एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला प्रयोगासाठी भक्कम व्हर्टिकल मिलिंग मशीन, हॉट डाय स्टीलचं टूल आणि न हलणारं फिक्स्चर एवढ्यावर सुरुवात करता येते. वाकडातिकडा जॉब किंवा दुरुस्ती नेहमीच्या टिग वेल्डिंगवरच सोपवावी. लांब, सरळ आणि रोज तोच असलेला सांधा असेल, तरच या यंत्राचा खर्च वसूल होतो.