लोणारचे पाणी आणि महाविद्यालयाचा संगणक

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशोदेशीच्या लोकांचे लक्ष तिकडे वेधले गेले. पाण्याचे नमुने नागपूर व पुणे येथील संस्थांकडे धाडण्यात आले. खाऱ्या पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य निर्माण करणारे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. हे उचितच झाले. परंतु सरोवर ज्या जिल्ह्यात आहे, तेथील विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला या शोधातील कोणते काम आले, हा प्रश्न उरतोच.

आजचे संशोधन परीक्षानळीपाशी थांबत नाही. सूक्ष्मजीवांची ओळख पटवायची, तर त्यांच्या डीएनएमधील घटकांचा क्रम हजारो ज्ञात क्रमांशी ताडून पाहावा लागतो, आणि ते काम संगणकाचे. विवराच्या वयाचा प्रश्नही असाच आहे. पूर्वी ते सुमारे ५० हजार वर्षे मानले जाई; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉन वायूच्या मापनावर आधारलेल्या संशोधनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. अशा आकड्यांची छाननी करण्याचा सराव बी.एस्सी.च्या वर्गातच व्हावयास हवा.

यासाठी महासंगणकच हवा, असे नाही. वऱ्हाडातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. तथापि पदवीच्या अभ्यासाला साधे संगणक पुरतात. जनुकक्रमांचे जागतिक संग्रह सर्वांना खुले आहेत. लिनक्स, पायथन, आर यांना मोल पडत नाही. मुंबईच्या आयआयटीने सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठीतूनही पाठ मिळतात.

उणीव आहे ती व्यवस्थेची. यंत्रांची खरेदी एकदा होते. दुरुस्ती, अखंड वीज आणि जाणकार माणूस यांची तरतूद मात्र दरसाल करावी लागते. ती नसेल तर संगणककक्षाला कुलूप लागते, किंवा तो परीक्षेचे अर्ज भरण्यापुरताच उघडतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. मोबाइलवर तयार उत्तर वाचता येते. पण स्वतः जमवलेल्या पर्जन्यमानाच्या वा विहिरींच्या पातळीच्या नोंदींवरून नवे अनुमान काढण्यास बैठक मारून गणित करावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. विद्यापीठाने मोठ्या गणनकार्यासाठी एक सामायिक केंद्र चालवावे, त्यावरील ठराविक वेळ संलग्न विज्ञान महाविद्यालयांसाठी राखून ठेवावा, आणि महाविद्यालयांनी आपले कक्ष संध्याकाळीही उघडे ठेवावेत. संगणकाची गणना कार्यालयीन साहित्यात न करता प्रयोगशाळेच्या उपकरणांत झाली, तरच लोणारच्या पुढील कोड्यावर लोणारच्या मुलांनाही काम करता येईल.