लाकडी होडीचे जतन : ओल आणि वाळवण यांचा समतोल

कोकण किनाऱ्यावरील लहान मासेमारी होडी आगोटीला वाळूवर ओढून घ्यावी आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटावी, असा जुना प्रघात आहे. मधल्या काळात होडी खरवडणे, सांधे भरणे व तेल लावणे ही कामे होतात. त्यांचा हेतू होडीस केवळ झिलई आणणे हा नव्हे. लाकूड किती ओले राहावे व किती वाळावे, या प्रश्नाचे ते व्यवहारातील उत्तर आहे.

लाकडाचा पहिला शत्रू टेरेडो होय. त्याला नौकाकृमी म्हणत असले तरी तो शिंपल्याच्या वर्गातील द्विपुट मृदुकाय प्राणी आहे. त्याची सूक्ष्म अळी फळीत शिरते, तेव्हा बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते. आत मात्र बोगदा वाढत जातो. वॉटरबरी, कॅलोवे व टर्नर यांनी १९८३ साली या प्राण्याच्या शरीरातून लाकडातील सेल्युलोज पचविणारे व नत्राचे स्थिरीकरण करणारे जीवाणू वेगळे केले. नत्राची उणीव असलेल्या लाकडावर तो कसा जगतो, याचा उलगडा त्यामुळे झाला. होडी कोरडी ठेवली की तो मरतो. तथापि छिद्राचे तोंड आतून बंद करून तो काही आठवडे तग धरू शकतो. म्हणून दोन-चार दिवसांचे वाळवण पुरे पडत नाही.

परंतु वाळवणही निर्दोष नाही. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसते. त्यामुळे फळ्यांचे सांधे उघडतात. त्यांत कापूस ठोकून भरतात. होडी पाण्यात उतरल्यावर प्रारंभी थोडी पाझरते आणि फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. याउलट पावसाचे गोडे पाणी तळाशी साचले तर बुरशीने लाकूड कुजते. बुरशीस खारे पाणी तितकेसे मानवत नाही. लाकडातील ओल सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिली तर तिची वाढ होत नाही. वाळूवरच्या होडीवर झापांचे छप्पर घालण्याचे इंगित हेच. छपराखाली वारा मात्र खेळता हवा.

लेपांची योजना याच तत्त्वावर आधारलेली आहे. माशाचे तेल लाकडात मुरते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावून काहीसे घट्ट होते; त्यामुळे ओलीची ये-जा मंदावते. काजूच्या टरफलाचे तेल त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांमुळे कीटकांना मारक ठरते. पण त्याने कातडीवर फोड येतात. आधुनिक रंगांत क्युप्रस ऑक्साइड असते. एकेकाळी प्रभावी ठरलेली कथिलाची सेंद्रिय संयुगे मात्र शिंपल्यांसारख्या इतर जीवांनाही घातक असल्याचे आढळले. त्यांवरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ साली अंमलात आली.

कोणताही लेप आत शिरलेल्या किड्याला बाहेर काढीत नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पोकळ फळीवर चढविलेला रंग दोष झाकतो एवढेच, आणि असा झाकलेला दोष भर समुद्रात उघडा पडतो. म्हणून अनुभवी कोळी तेलाचा हात फिरविण्यापूर्वी फळीफळीवर ठोकून पाहतो व जेथे आवाज पोकळ येतो तेथे फळी बदलतो. जतनाचा आरंभ परीक्षेत आहे, लेप त्यानंतरचा.