स्टिअरिंगची खडखड : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी आपल्या सीमाभागात ही गाडी अजून कितीतरी दारांत उभी दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि पुढे अनेक मध्यमवर्गीय घरांची ती पहिली मोटार ठरली. आजोबांनी घेतलेली गाडी वडिलांनी चालवली, आता कॉलेजला जाणारी नात तिच्यावरच हात बसवते. इंजिन ठणठणीत असते, पत्राही बरा असतो. पण एक दिवस खड्ड्यातून जाताना पुढून 'खडखड' ऐकू येते आणि स्टिअरिंग हातात थरथरते.

गॅरेजमध्ये आपण मराठीत 'आवाज' म्हणा की कन्नडमध्ये 'सद्दु', उत्तर बहुधा ठरलेले असते : "टाय रॉड एंड बदलू, अलाइनमेंट करू." बिल चुकते होते, चार दिवस बरे जातात आणि खडखड परत येते. याचे कारण असे, की बदलला जातो तो चाकाजवळचा, हाताला लागणारा सांधा. झिजलेला असतो तो आतला, न दिसणारा.

या गाडीचे स्टिअरिंग 'रॅक आणि पिनियन' पद्धतीचे. चक्र फिरवले की खालचे दातेरी पिनियन फिरते आणि रॅक नावाचा दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो. हा रॅक इंजिनाच्या मागे खाली असतो. बॉनेट उघडले तरी सहज दिसत नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक गोलाकार सांधा असतो. त्याला 'रॅक एंड' म्हणतात. त्यावर घड्यांचे रबरी बूट चढवलेले असते. शिवाय पिनियन चालकाच्या बाजूला असल्याने रॅकच्या दुसऱ्या टोकाला आधार देतो तो फक्त एक छोटा बुश.

दुखणे सुरू होते ते या रबरापासून. वर्षे उलटली की रबर कडक होऊन घड्यांत चिरते. आपल्याकडचा पाऊस आणि लाल चिखल त्या चिरेतून आत जातो, ग्रीस धुऊन निघते आणि मातीचा लेप सांधा घासू लागतो. बुटाची किंमत रॅकच्या मानाने अगदी किरकोळ. पण ते वेळेवर न बदलल्याने पूर्ण रॅक जातो.

दोष नेमका कुठे आहे, हे ओळखायला दोन माणसे पुरतात. आधी सपाट जागी चाके सरळ ठेवून स्टिअरिंग हलक्या हाताने हलवावे. चाक न हलता चक्र साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फिरत असेल, तर कुठेतरी झीज आहे. मेकॅनिक त्याला 'प्ले' म्हणतात. मराठीत खेळ, कन्नडमध्ये 'आट'. पण हा खेळ जिवाशी असतो. मग हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड देऊन पुढची बाजू जॅकने उचलावी आणि खाली भक्कम स्टँड द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवावे. त्याच वेळी दुसऱ्याने रबरी बूट मुठीत दाबून धरावे. आत 'टक टक' जाणवले तर रॅक एंड गेला. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ दिसला, तर मात्र बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट पाहावा. रॅकचे टोकच वर-खाली उडत असेल, तर बुश संपला.

रॅक एंड बदलताना जुन्या टाय रॉड एंडचे आटे किती फेऱ्यांत सुटले ते मोजून ठेवावे. बूट सरकवून लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करावी. एका पान्याने रॅक धरून दुसऱ्याने सांधा सोडवावा. रॅक न धरता जोर लावला तर तो पिनियनच्या दातांवर जातो. नवा लॉक वॉशर, नवे ग्रीस, नवे बूट आणि कॅसल नटाला नवी स्प्लिट पिन, यांत काटकसर नको. शेवटी अलाइनमेंट. बुशसाठी रॅक खाली उतरवावा लागतो. काम वेळखाऊ आहे, म्हणूनच ते टाळले जाते.

टाळण्याची एक सोपी युक्तीही आहे. रॅकवर दाब ठेवणारा ॲडजस्टिंग स्क्रू थोडा आवळला, की आवाज लगेच कमी होतो. गिऱ्हाईकही खूश! पण रॅक मध्यभागी जास्त झिजलेला असतो, टोकांना कमी. मध्यावर घट्ट केलेला रॅक पूर्ण वळणावर जाम होऊ लागतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. गावातल्या रस्त्यावर हे चटकन लक्षात येत नाही. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात, गाडीत चार माणसे आणि समोरून ट्रक, अशा वेळी ते कळणे परवडणारे नाही.

खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होतेच. पण स्टिअरिंगसाठी तेवढी वाट पाहू नये. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर टॉर्च घेऊन दोन्ही बूट पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि दुरुस्तीनंतर जुना भाग मागून घ्यावा. रॅक एंड हातात आडवा धरून पाहा. चांगला सांधा जोर लावल्यावरच वळतो. झिजलेल्याचा दांडा आपल्याच वजनाने खाली लोंबतो. खडखड नेमकी त्याचीच होती की नाही, हे मग कोणाला विचारावे लागत नाही.