शोधनिबंध वाचताना आधी आलेख

शोधनिबंध हातात आला की आपण आधी आलेख बघू. उपयोजित वर्तन विश्लेषणात बहुधा एकेका मुलाच्या रोजच्या नोंदी असतात, गटाची सरासरी नव्हे. समजा, एक मूल स्वतःचं डोकं आपटून घेतं. उपायाआधीच ते आपटणं कमी होत चाललं असेल, तर श्रेय उपायाला कसं द्यायचं? म्हणून उपाय काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात. पण इथे थांबवलं तर इजा मुलालाच. मग तीन मुलांना उपाय वेगवेगळ्या दिवशी सुरू करायचा; प्रत्येकाचं वर्तन आपापल्या दिवसापासूनच बदललं, तर विश्वास ठेवावा. शिवाय बदल व्यवहारात उपयोगी पडेल एवढा हवा, हे बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी १९६८ सालीच सांगितलंय. लिहिताना आपण वर्तनाची व्याख्या अशी करू, की दुसरा निरीक्षकही तेच मोजेल.