आर्गनच्या आडोशाला

एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलात, तर वेल्डिंगचे प्रकार आवाजावरूनच ओळखता येतात. रॉड लावून केलेले साधे आर्क वेल्डिंग तडतडत असते. तार आपोआप पुढे सरकणारे ‘सीओटू’ सलग फरफरत असते. आणि एका कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, पडदा लावून कुणीतरी मान खाली घालून बसलेला असतो. तिथे ठिणग्या उडत नाहीत, धूर नावालाच असतो. पांढराशुभ्र उजेड आणि गॅसची बारीक फुसफुस, एवढेच. शेडमधले सगळे त्याला ‘आर्गन मारणे’ म्हणतात. पुस्तकी नाव टिग, म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस वेल्डिंग.

डेअरीतल्या दुधाच्या टाक्या, औषध कारखान्यांतले स्टेनलेसचे पाइप, रेसिंग सायकलींच्या फ्रेम असे जिथे सांधा स्वच्छ आणि भरवशाचा हवा, तिथे टिग लागते. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची मोटर 2.8 मीटर व्यासाची असते. मारेजिंग पोलादाच्या तिच्या आवरणाचे सांधे याच पद्धतीने जोडतात, आणि इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर हे अशी आवरणे बनवणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे.

एवढी प्रतिष्ठा असल्यामुळे नवशिक्याला टिगची धास्ती वाटते. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर वायर, पायाखाली करंट कमी-जास्त करणारे पेडल. आणि वर उस्तादांच्या सूचनांचा मारा. टंगस्टनला टोक काढ, अंतर वाढवू नकोस, वायर बाहेर ओढू नकोस, काम संपले तरी टॉर्च हलवू नकोस. हे नियम पाठ करून हात लवकर बसत नाही. मात्र त्यातल्या प्रत्येकामागे पदार्थविज्ञानाचे किंवा रसायनशास्त्राचे सरळ कारण आहे. ते समजले, की चूक झाल्यावर ती कशामुळे झाली हे शिकणाऱ्याला स्वतःच शोधता येते. टिग शिकण्याचा सर्वांत जवळचा रस्ता हाच आहे.

मॅग्नेशियमच्या विमानासाठी

ही पद्धत कामाची झाली ती एका अडचणीतून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमचे विमान बांधायचे होते. मॅग्नेशियम हलके असते, पण तापल्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी इतक्या जोराने संयोग पावते की साध्या वेल्डिंगला दादच देत नाही. कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांनी न वितळणारा टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि त्याच्याभोवती हेलियमचा प्रवाह अशी जोडी जमवली. 1942 मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. हेलियम आणि आर्क मिळून तिचे नाव पडले ‘हेलिआर्क’. मॅग्नेशियमचा मुबलक वापर केलेले नॉर्थ्रॉपचे एक्सपी-56 हे विमान 1943 मध्ये उडाले. त्याचा पुढे फारसा उपयोग झाला नाही, पण वेल्डिंगची पद्धत मात्र जगभर गेली.

मेरेडिथ यांच्या जोडणीतली खरी युक्ती अशी, की तिने एकत्र बांधलेल्या तीन गोष्टी सुट्या केल्या. साध्या आर्क वेल्डिंगमध्ये रॉड हाच उष्णता देतो, तोच वितळून सांध्यात भर घालतो आणि त्याच्यावरचा लेपच जळून हवेपासून संरक्षण करतो. उष्णता कमी केली की भरही कमी होते. टिगमध्ये उष्णता टंगस्टन देतो, भर वायर घालते, राखण गॅस करतो. तिन्हींवर वेगवेगळा ताबा मिळतो. शिकायला वेळ लागतो तो त्यामुळेच, आणि कागदासारख्या पातळ पत्र्यापासून विमानाच्या भागांपर्यंत सगळे जोडता येते तेही त्यामुळेच.

राखणदार वायू

आता हेलियमऐवजी बहुतेक ठिकाणी आर्गन वापरतात. हवेत तो 0.93 टक्के असतो. लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅम्से यांनी 1894 मध्ये तो शोधला. त्याच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पूर्ण भरलेले असल्याने तो कुणाशी संयोग पावायला जात नाही. हवेपेक्षा तो सुमारे 1.38 पट जड असतो, त्यामुळे सपाट जॉबवर, म्हणजे जोडायच्या वस्तूवर, तो खाली बसतो आणि वितळलेल्या धातूवर पांघरला जातो. हेलियमच्या मानाने त्याचे अणू कमी ऊर्जेत आयनित होतात, म्हणून आर्कही सहज पेटते आणि शांत राहते.

शिकताना मिनिटाला सात ते दहा लिटर आर्गन पुरतो. सच्छिद्र सांधा दिसला, की नवशिक्याचा हात आधी गॅस वाढवण्याकडे जातो. इथेच फसगत होते. प्रवाह फार वाढला, की तो टॉर्चच्या तोंडावरच्या कपातून सरळ न येता भोवऱ्यांसारखा घुसळत येतो आणि आजूबाजूची हवा आत ओढतो. गॅस जास्त, संरक्षण कमी! आधी पंखा बंद आहे का, नळी गळते का, कप जॉबपासून लांब गेला का, ते पाहावे. सात घनमीटरचे सिलिंडर मिनिटाला आठ लिटरने साधारण साडेचौदा तास चालते. त्या हिशेबाने पाहिले, तर उगाच सोडलेला प्रत्येक लिटर खिशाला लागतो.

टोक कशासाठी

टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळतो. सर्व धातूंत हा आकडा सर्वांत मोठा. लोखंड 1538 अंशांनाच पाणी होते. टंगस्टनमध्ये लँथॅनम किंवा सिरियमचे ऑक्साइड एक-दोन टक्के मिसळले, की त्याच्यातून इलेक्ट्रॉन आणखी सहज सुटतात आणि आर्क चटकन पेटते. लाल टोकाच्या इलेक्ट्रोडमध्ये त्याच कामासाठी थोरियम असते. ते किरणोत्सारी आहे, आणि ग्राइंडरवर घासताना उडणारी त्याची धूळ श्वासातून जाण्याचा धोका असतो. निळ्या किंवा सोनेरी टोकाचे लँथॅनमवाले इलेक्ट्रोड तेच काम तितकेच चांगले करतात. नव्याने शिकणाऱ्याने लाल टोकाच्या वाटेला जाऊ नये.

पोलाद आणि स्टेनलेससाठी टॉर्च ऋण बाजूला जोडतात. मग इलेक्ट्रॉन टंगस्टनकडून जॉबकडे धावतात आणि आर्कच्या उष्णतेतला सुमारे दोन तृतीयांश भाग जॉबवर पडतो. जोडणी उलटी झाली, तर तीच उष्णता टंगस्टनवर येते आणि त्याचे टोक वितळून गोळा होतो. टोक निमुळते असले, की आर्क एका जागी बांधलेली राहते. व्यासाच्या दोन ते अडीच पट लांबीचा उतार पुरेसा असतो. घासताना टंगस्टन दगडावर असा धरावा, की ओरखडे लांबीच्या दिशेने पडतील. गोल गोल ओरखडे पडले, तर आर्क त्यांवरून इकडेतिकडे भटकते.

टंगस्टन आणि जॉब यांतले अंतर दोन-तीन मिलिमीटर. टिगची मशीन करंट स्थिर ठेवते. हात वर गेला, की आर्क लांब होऊन पसरते, उष्णता मोठ्या भागात विखुरते, पत्रा वाकडा होतो आणि सांधा मात्र वरवरचा राहतो. आणि हात खाली गेला तर टंगस्टन वितळलेल्या धातूत बुडतो. लगेच धातू त्याच्यावर चढतो, आर्क फाटते, हिरवट किंवा मळकी होते. तिथे थांबावे, टंगस्टन काढावा, पुन्हा घासावा. हे सगळ्यांच्याच हातून होते, रोज होते. तसेच पुढे रेटल्याने सांध्यात अशुद्धी जाते.

डबके वाचायला शिकणे

टिगमधले सर्वांत मोठे शिक्षण डोळ्यांचे असते. तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा घ्या. त्यावरची काळी पापडी ग्राइंडरने काढून चमकता धातू उघडा करा. पोलादासाठी जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण 40 अँपिअर हा वरचा अंदाज धरला, तर शंभर-सव्वाशे अँपिअरमध्ये काम होते. टॉर्च जाण्याच्या दिशेच्या उलट, पंधरा-वीस अंश मागे कलती ठेवा आणि वायर न घालता फक्त पाहत राहा.

आधी पत्रा लाल होतो. मग टोकाखाली एक ठिपका ओला दिसू लागतो. क्षणभरात तो ठिपका आरशासारखा स्वच्छ होतो आणि त्याला कड येते. हे डबके. पाच-सहा मिलिमीटर रुंद होऊ द्या, मग पुढे सरका. डबके मोठे व्हायला लागले तर वेग वाढवा किंवा पेडल सोडा. लहान होऊ लागले तर उलट करा.

वायर आर्कमध्ये वितळवायची नसते. ती डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायची, एक थेंब आत जाऊ द्यायचा आणि मागे घ्यायची, पण आर्गनच्या बाहेर नाही. तापलेले टोक हवेत आले, की त्यावर ऑक्साइड चढते आणि पुढच्या थेंबाबरोबर ती घाण सांध्यात जाते.

दोन पत्रे जोडताना एक मजेची गोष्ट दिसते. दोन्ही कडा वितळतात, पण दोन डबकी शेजारी शेजारी वेगळीच राहतात. पृष्ठताणामुळे प्रत्येक आपापल्या कडेला मागे खेचले जाते. मध्ये वायरचा एक थेंब टेकवला, की दोन्ही झटकन एक होतात. करंट वाढवून ती जोडण्याच्या नादात नवशिका भोक पाडतो.

हाच पृष्ठताण सांधा किती खोल जाणार हेही ठरवतो. पोलादात गंधक अगदी कमी असेल, तर डबक्यातला द्रव मधून कडेकडे वाहतो आणि सांधा रुंद, उथळ होतो. गंधक दशलक्ष भागांत काही दहा भाग जास्त असले, की प्रवाह उलटतो, गरम द्रव मध्याकडे येऊन खाली जातो आणि सांधा खोल होतो. म्हणून एकाच ग्रेडचे स्टेनलेस दोन वेगळ्या लॉटमधून आले, तर त्याच सेटिंगवर वेगळे वागते. शिकणाऱ्याने अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी माल तपासावा.

थांबतानाही घाई नको. करंट हळूहळू उतरवावा, शेवटचा एक थेंब घालावा. डबके कडेकडून थिजते, मध्य शेवटी थिजतो आणि आकुंचन पावताना तिथेच खड्डा किंवा चीर पडते. आर्क विझल्यावरही टॉर्च जागेवरच ठेवावी. दर दहा अँपिअरला साधारण एक सेकंद गॅस चालू राहावा. टंगस्टन निळाजांभळा झाला, तर तो गरम असतानाच हवा लागली असे समजावे.

ॲल्युमिनियमची कवची आणि स्टेनलेसचे रंग

ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्याच्यावरची ऑक्साइडची अतिपातळ कवची वितळायला 2072 अंश लागतात. आत पाणी, वर कवच, आणि दिसायला काहीच बदल नाही. म्हणून ते एकाएकी खाली कोसळते. त्यासाठी एसी करंट वापरतात. टंगस्टन धन असलेल्या अर्ध्या फेऱ्यात कवची फुटते, ऋण असलेल्या फेऱ्यात जॉब तापतो. एसी-डीसी दोन्ही देणारी मशीन बरीच महाग पडते, म्हणून सुरुवात पोलादावर डीसीने करणेच शहाणपणाचे.

स्टेनलेसवर सांध्याचा रंग बोलतो. फिकट सोनेरी म्हणजे उत्तम. निळा-जांभळा म्हणजे उष्णता जास्त किंवा गॅस कमी. राखाडी म्हणजे गंजापासून वाचवणारे क्रोमियम त्या जागी जळून गेले. हे रंग ऑक्साइडच्या थराच्या जाडीप्रमाणे प्रकाशाच्या व्यतिकरणातून उमटतात. पाइपच्या आतल्या बाजूला आर्गन भरला नाही, तर तिथे खरखरीत काळी साखर जमते, आणि दुधाच्या पाइपमध्ये जंतूंना तीच जागा फावते.

धूर नाही म्हणून धोका नाही, असे नव्हे

टिगच्या स्वच्छ उजेडात अतिनील किरण भरपूर असतात. उघड्या आर्ककडे पाहिले, तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते. डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून रात्र काढण्यापेक्षा डॉक्टर गाठावा. शंभर अँपिअरच्या आसपास दहा नंबरची काळी काच, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पातळ चामड्याचे हातमोजे हवेतच. जॉब पुसायला ॲसिटोन वापरून तो पूर्ण सुकू द्यावा. क्लोरीनयुक्त द्रावक अजिबात नको. आर्कच्या किरणांत त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. बंद टाकीत आर्गन तळाशी साठून ऑक्सिजन हटवतो. त्याला वास नसतो, आणि माणूस सावध होण्याआधीच कोसळतो. अशा जागी एकट्याने कधीही उतरू नये.

पहिले काही आठवडे

आता एका माणसाला सहज उचलता येणाऱ्या, घरगुती फेजवर चालणाऱ्या इन्व्हर्टर मशीन मिळतात, आणि आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम आहेच. आधी सपाट पत्र्यावर वायरशिवाय रेघा ओढाव्यात. रुंदी सारखी येऊ लागली, की वायर घ्यावी. मग बाहेरचा कोपरा, मग पत्र्यावर पत्रा, मग आतला कोपरा, याच क्रमाने. शेवटच्यात उष्णता दोन्ही बाजूंना पळते आणि टॉर्चला जागा कमी असते, म्हणून तो अवघड.

वरून सुंदर दिसणारी लाट फसवी असू शकते. म्हणून सरावाचा प्रत्येक सांधा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवावा. मुळाशी न मिसळलेली कड लगेच उघडी पडते. त्या तुकड्यावर मार्करने पत्र्याची जाडी, अँपिअर, गॅस आणि तुटण्याचे कारण लिहून ठेवावे. कारण लिहिता आले, तर पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे ते कळते. लिहिता आले नाही, तर त्याच सेटिंगवर आणखी एक तुकडा जोडून पुन्हा वाकवावा. उस्ताद शेजारी नसतानाही हा तुकडा शिकवत राहतो.